पादेचा क्रम ४ की ५? मराठी आवाजासाठी एमएलएसए फिल्टरची अचूकता मोजण्याची पद्धत

संगणकाकडून मराठी बोलून घेताना ज्यांनी एमएलएसए फिल्टर (स्पेक्ट्रमच्या सहगुणकांवरून आवाज घडवणारा फिल्टर) वापरला आहे, त्यांना पादे सन्निकटनाचा, म्हणजे घाताच्या जागी अपूर्णांक बसवण्याच्या रीतीचा, क्रम हा पर्याय ओळखीचा असेल. तिथे ४ किंवा ५ लिहायचे असते. बहुतेक जण नमुन्याच्या फाइलीत जे असेल ते राहू देतात. आवाज निघतो, म्हणून पुन्हा तिकडे कोणी पाहत नाही. पण तोच कोड आणि तेच सहगुणक एका आवाजावर डेसिबलच्या शंभराव्या भागाइतके चुकतात, आणि दुसऱ्या आवाजावर साडेचार डेसिबलहून जास्त. हा फरक एका संख्येवर अवलंबून असतो. ती संख्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर तासाभरात मोजता येते. ती न मोजता क्रम निवडणे मला पटत नाही, म्हणून पूर्ण पद्धत इथे मांडतो आहे.

संदर्भ सोलापूरचा आहे. इंटरनेट नसलेल्या छोट्या बोर्डवर एसटीच्या घोषणा बोलून दाखवणारा मराठी आवाज, असे काम डोळ्यांसमोर ठेवा. २०१६ च्या वेव्हनेटनंतर आणि २०२० च्या हायफाय-गॅननंतर न्यूरल आवाज खूप पुढे गेले, हे खरेच. पण थोडक्या मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरवर ते मावत नाहीत. एमएलएसए मावतो, आणि त्याचे गणित शेवटच्या दशांशापर्यंत तपासता येते.

फिल्टरच्या आत काय चालते

आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते, लॉगमध्ये घेतला की त्याचा आकार पंचवीसेक कोसाइनांच्या बेरजेत बऱ्यापैकी बसतो. त्या बेरजेचे सहगुणक म्हणजे सेप्स्ट्रम. कानाला खालच्या वारंवारतांमधला बारकावा जास्त कळतो, म्हणून वारंवारतेचा अक्ष मेल मोजपट्टीसारखा वाकवतात आणि त्यातून मेल-सेप्स्ट्रम मिळतो. अक्ष वाकवण्याचे काम पहिल्या क्रमाचा ऑल-पास फिल्टर करतो. किती वाकवायचे ते अल्फा ठरवतो. ८ किलोहर्ट्झला अल्फा साधारण ०.३१, १६ ला ०.४२ आणि ४८ ला ०.५५ धरतात.

अडचण पुढे येते. सेप्स्ट्रम लॉगमध्ये आहे, आणि आवाज काढायचा तर लॉग उलटवायला हवा. या बेरजेला 'एफ' म्हणू. आपल्याला हवा असलेला फिल्टर म्हणजे ई चा एफ-वा घात. बेरीज, गुणाकार आणि विलंब एवढ्याच साधनांनी हा घात नेमका बांधता येत नाही, कारण त्याची मालिका कधी संपतच नाही. १९८३ मध्ये सातोशी इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेल लॉग स्पेक्ट्रम अॅप्रॉक्झिमेशन, म्हणजेच एमएलएसए फिल्टर मांडला. तिथे या घाताच्या जागी एक अपूर्णांक बसवला आहे, ज्याच्या अंशात एफची बहुपदी आणि छेदातही एफची बहुपदी असते. अशा अपूर्णांकांना फ्रेंच गणिती आंरी पादे यांचे नाव आहे.

टेलरची मालिका का चालत नाही, हे कॅल्क्युलेटरवर पाहा. एफ उणे ४.५ घ्या. खरे उत्तर ०.०१११ आहे. टेलरची मालिका चौथ्या घातापर्यंत बेरीज केली तर ८.५२ येते, म्हणजे ५७ डेसिबलहून मोठी चूक. स्पेक्ट्रममध्ये जिथे खोल दरी हवी तिथे उंचवटा तयार होतो. अधिक ४.५ वर हीच बेरीज ४७.९ येते आणि खरे उत्तर ९०.०२ असते, म्हणजे चूक साडेपाच डेसिबल. एकाच मालिकेची शिखरांवरची आणि दऱ्यांमधली वागणूक इतकी वेगळी पडते.

पादेच्या अपूर्णांकात अंश आणि छेद यांचे सहगुणक एकच असतात. छेदात फक्त विषम घातांची चिन्हे उलटी होतात. त्यामुळे उणे एफचे उत्तर हे अधिक एफच्या उत्तराचा अचूक व्यस्त असते. शिखरावर जितके डेसिबल चुकते तितकेच दरीत चुकते, फक्त चिन्ह उलटे. हा गुण फार मोलाचा आहे, कारण तपासताना एक बाजू पाहिली की दुसरी आपोआप कळते.

चौथ्या क्रमाच्या साध्या पादेचे सहगुणक १, १/२, ३/२८, १/८४ आणि १/१६८० असे आहेत. एसपीटीके या प्रसिद्ध साधनसंचातले सहगुणक मात्र किंचित वेगळे आहेत: १, ०.४९९९२७३, ०.१०६७००५, ०.०११७०२२१ आणि ०.०००५६५६२७९. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटू शकते. हा बदल मुद्दाम केलेला आहे. साधा पादे शून्याजवळ अतिशय अचूक असतो आणि बाहेर सरकत गेलो की झपाट्याने बिघडतो. सुधारित सहगुणक शून्याजवळची अनावश्यक अचूकता थोडी सोडून ती कडेला वापरतात. एफ ४.५ असताना साधा चौथा क्रम ०.४४ डेसिबल चुकतो, तर सुधारित ०.२४. एफ ६ असताना साधा पाचवा क्रम ०.७३ चुकतो, तर सुधारित ०.२७.

आता या लेखाचा कणा. सुधारित चौथा क्रम एफचे मान (शून्यापासूनचे अंतर) ४.५ पर्यंत असेल तरच भरवशाचा आहे. पाचवा क्रम ६ पर्यंत. ही मापे नेपरमध्ये आहेत. एक नेपर म्हणजे ८.६८६ डेसिबल, म्हणून मर्यादा अनुक्रमे ३९ आणि ५२ डेसिबल पडतात. मर्यादेच्या आत चूक किती लहान असते आणि बाहेर किती वाढते ते पाहा. सुधारित चौथा क्रम ३ वर ०.००५ डेसिबलसुद्धा चुकत नाही, ४.५ वर ०.२४ चुकतो आणि ६ वर ४.७. मान दीडने वाढले आणि चूक वीसपट झाली. म्हणून इथे सरासरी चूक पाहून काही कळत नाही. सर्वांत वाईट फ्रेम (आवाजाचा काही मिलिसेकंदांचा तुकडा) कुठे आहे तेच शोधावे लागते.

तुलनेसाठी एक माप लक्षात ठेवा. बोलण्याच्या कोडिंगमध्ये सरासरी १ डेसिबल स्पेक्ट्रल विकृती ही कानाला न कळणारी मानण्याची पद्धत आहे. ०.२७ त्याच्या बरेच आत बसते. ४.७ बसत नाही.

पायरी १: आधी फिल्टर तपासा, आवाज नंतर

स्वतः लिहिलेला किंवा कुठून घेतलेला फिल्टर आवाजावर लावण्याआधी, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न त्याला घाला. अल्फा शून्य ठेवा. शून्यावा सहगुणक शून्य, पहिला १, बाकी सगळे शून्य. आता एक इम्पल्स आत सोडा, म्हणजे पहिले सॅम्पल १ आणि पुढची सगळी शून्य. नेमक्या फिल्टरचा प्रतिसाद एन-व्या सॅम्पलला १ भागिले एन फॅक्टोरियल असतो: १, १, ०.५, ०.१६६७, ०.०४१७ आणि पुढे तसेच.

सुधारित चौथ्या क्रमातून बाहेर यायला हवे ते असे: १, ०.९९९८५४६, ०.४९९८५४६, ०.१६६६१०, ०.०४१६५९. दुसरे सॅम्पल नेमके १ येत नाही म्हणून कोडमध्ये दोष शोधत बसू नका. ते ०.४९९९२७३ च्या दुप्पट आहे, आणि तसेच यायला हवे. उलट नेमके १ आले तर तुमच्याकडे साधा पादे आहे आणि तुमची खरी मर्यादा समजता त्यापेक्षा कमी आहे.

हे जुळले की पहिला सहगुणक ४.५ करा. अल्फा शून्य असल्यामुळे एफचे मान प्रत्येक वारंवारतेवर ४.५ च राहते. प्रतिसादाचा एफएफटी (वारंवारतानिहाय फोड) घ्या. शून्य वारंवारतेवर नेमक्या उत्तराशी फरक उणे ०.२४ डेसिबल आणि वरच्या टोकाला अधिक ०.२४ यायला हवा. दोन्हींचे मान सारखे नसेल तर अंश आणि छेद यांपैकी एकीकडे चिन्ह चुकले आहे.

मग अल्फा ०.४२ करा. इथे बऱ्याच जणांचा गेन (एकूण आवाजाची पट) हुकतो. फिल्टरमध्ये मेल-सेप्स्ट्रम थेट जात नाही. आधी त्याचे फिल्टरच्या सहगुणकांत रूपांतर करावे लागते, नाहीतर विलंबाशिवायचे वळसे तयार होतात आणि ते गणता येत नाहीत. रूपांतर शेवटाकडून सुरू होते. शेवटचा सहगुणक तसाच ठेवायचा, आणि त्याआधीच्या प्रत्येकातून पुढच्या नव्या सहगुणकाची अल्फापट वजा करायची. मूळ शून्यावा सहगुणक ० आणि पहिला १ असेल, तर नवा शून्यावा उणे ०.४२ होतो आणि गेन १ न राहता ०.६५७ होतो. गेन जुन्या शून्याव्या सहगुणकावरून काढला, तर सगळा आवाज चढा निघतो आणि दोष पादेवर येतो. पादेचा त्यात काही संबंध नसतो.

पायरी २: रेकॉर्डिंग, आणि मागांचा आवाज

सोलापुरात रेकॉर्डिंग करायचे म्हणजे मागांचा विचार आधी. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ घर असेल, तर यंत्रमागांचा ठोका भिंतीतूनही येतो. आवाज वाईट ऐकू येतो हे तर आहेच, पण आपल्या मोजमापाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की गोंगाट स्पेक्ट्रममधल्या दऱ्या भरून टाकतो. दऱ्या भरल्या की शिखर आणि दरी यांतले अंतर घटते, आणि एफचे मान खऱ्यापेक्षा लहान दिसते. अशा रेकॉर्डिंगवर मोजून तुम्ही चौथा क्रम पुरेसा ठरवाल. पुढे शांत खोलीतला स्वच्छ आवाज आला की तोच क्रम अपुरा पडेल, आणि रेकॉर्डिंग सुधारल्यावर आवाज का बिघडला याचे उत्तर सापडणार नाही.

म्हणून मोजमाप सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंगवर करा. खोलीच्या तीन भिंतींवर जाड सोलापुरी चादरी टांगा. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून टांगल्या तर जास्त उपयोग होतो. वरच्या वारंवारतांचा घुमारा त्यांनी चांगला कमी होतो. मागाचा खालचा ठोका मात्र चादर अडवत नाही. त्यासाठी ७० ते ८० हर्ट्झच्या खालचे कापणारा हाय-पास लावा, किंवा वीज गेलेली वेळ साधा आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्ड करा. पंखा बंदच हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि आवाज देणाऱ्या ताई "लई उकडलालंय ओ सर" म्हणतात, तेव्हा पाच-पाच मिनिटांचे छोटे तुकडे घ्यावेत. थकलेल्या घशाचा आवाज स्पेक्ट्रममध्येही उतरतो.

वाक्ये निवडताना मराठीचे स्वभावधर्म डोक्यात ठेवा. माझे आवडते तपासणी-वाक्य आहे: "बार्शीहून आलेली गाडी मोहोळमार्गे पंढरपूरला जाईल." स्थानकावर शोभेल असे आहे, आणि त्यात ब, ग, ड, ढ, म, ळ, श सगळे आले आहेत. हे वर्ण का हवेत ते पुढच्या पायरीत येते.

पायरी ३: एफचे मान मोजा

विश्लेषण नेहमीसारखे करा: १६ किलोहर्ट्झ, ५ मिलिसेकंदांची फ्रेम म्हणजे ८० सॅम्पल, मेल-सेप्स्ट्रमचा क्रम २४, अल्फा ०.४२. पूर्ण शांततेच्या फ्रेममध्ये लॉग खोल जाऊन भलतीच मापे देतो, तेव्हा विश्लेषणात पिरिओडोग्रॅममध्ये (फ्रेमच्या मोजलेल्या स्पेक्ट्रममध्ये) छोटी स्थिर संख्या मिळवण्याची सोय असते ती चालू ठेवा.

आता प्रत्येक फ्रेमसाठी शून्यापासून नायक्विस्टपर्यंत (सॅम्पलिंगच्या निम्म्या वारंवारतेपर्यंत) ५१२ वारंवारतांवर एफ काढा. तीन गोष्टी सांभाळा.

एक, एफ ही संमिश्र संख्या आहे. नुसता लॉग स्पेक्ट्रम म्हणजे तिचा वास्तव भाग झाला. पादेची मर्यादा मानावर आहे, आणि मानात कलेचाही (फेजचाही) भाग येतो. लॉग स्पेक्ट्रम ३५ डेसिबलवर दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये.

दोन, गेन वेगळा काढूनच मोजा. नवा शून्यावा सहगुणक पादेतून जात नाही. तो बाहेर थेट गुणला जातो, त्यामुळे मोठ्याने किंवा हळू बोलण्याचा या मोजमापाशी संबंध राहत नाही.

तीन, फिल्टर सहसा दोन टप्प्यांत बांधलेला असतो. पहिल्या टप्प्यात फक्त पहिला सहगुणक आणि दुसऱ्यात उरलेले सगळे. कारण सरळ आहे: आवाजाचा एकूण उतार पहिल्या सहगुणकात असतो आणि तोच बहुधा सर्वांत मोठा असतो. बेरजेचा घात म्हणजे घातांचा गुणाकार, म्हणून दोन फिल्टर एकापाठोपाठ लावले की झाले. प्रत्येक टप्प्याला स्वतःची पूर्ण मर्यादा मिळते. मोजतानाही दोन्ही टप्प्यांचे मान वेगवेगळे मोजा.

पहिल्या टप्प्यात एक खाच आहे. अल्फा शून्य नसेल तेव्हा या टप्प्याचे मान सगळीकडे सारखे नसते. शून्य वारंवारतेवर ते सहगुणकाच्या (१ + अल्फा) पट होते आणि वरच्या टोकाला (१ − अल्फा) पट. अल्फा ०.४२ असताना सहगुणक ३.५ असेल, तर शून्यावर मान ४.९७ होते. नुसता ३.५ पाहणारा चौथा क्रम सुरक्षित समजेल, आणि खालच्या वारंवारतांवर मर्यादा ओलांडलेली असेल. ४८ किलोहर्ट्झला, अल्फा ०.५५ असताना, हीच गोष्ट २.९१ लाच घडते.

मोठी मापे कुठे सापडतील? पुष्कळ जण आधी स्वर तपासतात. मी स्पर्श व्यंजनांच्या बंद काळाकडे आधी पाहीन. मराठीत ब, ड, ग किंवा भ, ढ, घ म्हणताना तोंड बंद असतानाच स्वरतंतू कंपू लागतात. त्या थोड्या मिलिसेकंदांत फक्त खालच्या वारंवारतांची ऊर्जा बाहेर येते आणि वरचा स्पेक्ट्रम कोसळतो, म्हणून उतार अतिशय तीव्र असतो. अनुनासिकांत, म्हणजे म, न, ण मध्ये, याच धर्तीचा उतार आणि शिवाय नाकाच्या पोकळीमुळे पडणाऱ्या दऱ्या असतात. दुसऱ्या बाजूला स आणि श. तिथे ऊर्जा वर असते, म्हणून पहिला सहगुणक ऋण होतो. पादेची दोन्ही बाजूंची चूक सारखी असल्यामुळे ऋण असण्याने बिघडत नाही, मान तेवढे पाहायचे. "पंढरपूर" मधल्या ण आणि ढ च्या सांध्यावर थांबून एक-एक फ्रेम पाहा. अनुनासिक, मग बंद तोंडातला घोष, मग महाप्राण श्वास आणि मग स्वर, एवढे सगळे एका झटक्यात घडते आणि एफचे मान प्रत्येक फ्रेमला उडी मारते. क्रम ठरवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

सगळ्या फ्रेमची कमाल मापे चढत्या क्रमाने लावा आणि वरची हजारातली एक एवढी बाजूला काढून हाताने तपासा. त्यांतली काही विश्लेषणाच्या गडबडीतून आलेली असतील, उदाहरणार्थ क्लिक किंवा शांततेच्या फ्रेम. ती वगळा. उरलेली खरी.

पायरी ४: क्रम निवडा

दोन्ही टप्प्यांत कमाल ४.५ च्या आत असेल तर चौथा क्रम घ्या आणि पुढे चला. ४.५ ते ६ असेल तर पाचवा. किंमत फार नाही. क्रम २४ असताना एफच्या एका फेरीला साधारण ४८ गुणाकार लागतात. चौथ्या क्रमाला दर सॅम्पल १९२ आणि पाचव्याला २४० होतात. १६ किलोहर्ट्झला हे सेकंदाला सुमारे ३१ लाख आणि ३८ लाख गुणाकार.

६ च्या वर गेलात तर सातवा-आठवा क्रम शोधण्याआधी दुसरा मार्ग पाहा. एफचा घात म्हणजे अर्ध्या एफच्या घाताचा वर्ग. सगळे सहगुणक अर्धे करून चौथ्या क्रमाचा तोच फिल्टर दोनदा लावा. एफ ६ असेल तर प्रत्येकाला ३ दिसतो, आणि दोघांची मिळून चूक ०.०१ डेसिबलच्याही आत राहते. तिथे एकेरी पाचवा क्रम ०.२७ चुकत होता. एफच्या फेऱ्या पाचाऐवजी आठ होतात, पण मर्यादा ९ पर्यंत जाते आणि नवे सहगुणक शोधावे लागत नाहीत. दोन्ही प्रतींची मेमरी वेगळी ठेवा, एवढेच.

जीपीयूवर काम करणाऱ्यांसाठी हिशेब निराळा आहे. तिथे फीडबॅक महाग आणि समांतर गुणाकार स्वस्त असतात, म्हणून टेलरची मालिकाच विसाव्या घातापर्यंत वापरणे परवडते. ४.५ वर तिची चूक ०.००१ डेसिबलच्या आत येते.

स्थैर्याबद्दल दोन शब्द. चौथ्या क्रमाच्या साध्या पादेचा छेद ज्या बिंदूंवर शून्य होतो, त्यांतले जवळचे शून्यापासून साधारण ६.०५ अंतरावर आहेत. एकक वर्तुळावर एफचे मान त्याहून कमी असेल, तर वर्तुळाबाहेरही ते कमीच राहते. म्हणून छेद कुठे शून्य होत नाही आणि फिल्टर स्थिर राहतो. मर्यादा पाळली की अचूकता आणि स्थैर्य दोन्ही एकदम मिळतात. मर्यादा फार ओलांडली, तर एखाद्या फ्रेमवर आवाज फुटून शिट्टीसारखा ताणला जाऊ शकतो.

चालू वाक्यात क्रम बदलू नका. चौथ्या आणि पाचव्या क्रमाच्या मेमरीची रचना वेगळी असल्याने सांध्यावर टिक ऐकू येतो.

पायरी ५: पोस्टफिल्टरनंतर पुन्हा मोजा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. सांख्यिकी मॉडेलमधून आलेला आवाज दबलेला वाटतो, म्हणून फॉर्मंट (स्पेक्ट्रममधली ठळक शिखरे) उठवण्यासाठी पोस्टफिल्टरमध्ये दुसऱ्यापासून पुढचे सहगुणक (१ + बीटा) पट करतात. बीटा ०.४ घेतला तर दुसऱ्या टप्प्याचे मान जवळपास १.४ पट होते. रेकॉर्डिंगवर मोजताना ३.५ दिसलेली फ्रेम आता ४.९ वर आहे आणि चौथ्या क्रमाच्या बाहेर गेली आहे. ग्लोबल व्हेरिअन्स (सहगुणकांचा चढउतार मूळ आवाजाइतका करणारी रीत) वापरत असाल तर तोही याच दिशेने ढकलतो. म्हणून अंतिम मोजमाप फिल्टरच्या अगदी दारात, म्हणजे सगळे फेरफार झाल्यावर जे सहगुणक प्रत्यक्ष आत जातात त्यांवर करा. दोन मापांपैकी मोठे असेल ते धरा.

फ्रेमच्या मधल्या सॅम्पलसाठी सहगुणक सरळ रेषेत बदलत न्या. रूपांतर रेषीय असल्यामुळे मेल-सेप्स्ट्रममध्ये बदलले काय किंवा फिल्टरच्या सहगुणकांत बदलले काय, उत्तर एकच येते. गेन मात्र लॉगमध्येच बदलत न्या.

पायरी ६: सोळा बिटांच्या बोर्डवर उतरवताना

इथे जरा थांबून बघा, कारण संगणकावर उत्तम चालणारा फिल्टर बोर्डवर इथेच बिघडतो.

पाचव्या क्रमाचे सुधारित सहगुणक १, ०.४९९९३९१, ०.११०७०९८, ०.०१३६९९८४, ०.०००९५६४८५३ आणि ०.००००३०४१७२१ आहेत. एफ ६ असताना अंशातली सगळी पदे मिळवली की १२.४२ होतात. छेदात तीच पदे उलटसुलट चिन्हांनी येऊन एकमेकांना खातात आणि ०.०२९८ उरतो. जवळपास नऊ बिटांची अचूकता या वजाबाकीतच जाते.

आता हे सहगुणक १५ अपूर्णांकी बिटांत बसवा. सर्वांत लहान पायरी १/३२७६८ आहे. पाचवा सहगुणक तिथे बरोबर १ पायरी होतो आणि एक-तृतीयांश टक्का चुकतो. चौथा ३१.३४ पायऱ्यांऐवजी ३१ होतो आणि १.१ टक्का कमी पडतो. दिसायला किरकोळ वाटते. पण छेद ०.०२९८ वरून ०.०१५३ वर येतो, आणि फिल्टरचे उत्तर खऱ्याच्या दुप्पट होते. म्हणजे ६ डेसिबल. पाचवा क्रम घेऊन जी अचूकता मिळवली ती सगळी एका गोलाकार करण्यात गेली, आणि वर चौथ्या क्रमापेक्षाही वाईट अवस्था झाली.

उपाय सोपा आहे. सहगुणक सुटे न साठवता, लागोपाठच्या दोघांचे गुणोत्तर साठवा आणि एकात एक गुंफलेल्या रूपात गुणाकार करा. गुणोत्तरे ०.४९९९, ०.२२१४, ०.१२३७, ०.०६९८ आणि ०.०३१८ येतात. सर्वांत लहान गुणोत्तरालाही हजाराहून जास्त पायऱ्या मिळतात, आणि ६ वरची जादा चूक डेसिबलच्या शंभराव्या भागांत राहते. मधल्या बेरजा ३२ बिटांतच ठेवा. आणि सहगुणक गोल केल्यावर, गोल केलेल्या किमती घेऊनच पायरी १ मधली इम्पल्सची तपासणी पुन्हा चालवा, पण यावेळी पहिला सहगुणक ६ ठेवून. १ ठेवून चालवली तर सगळे ठीकच दिसेल.

पायरी ७: ऐकणे

आकडे जुळल्यावर कानांची पाळी. तीच सहगुणकांची फाइल दोनदा आवाजात बदला, एकदा निवडलेल्या क्रमाने आणि एकदा दुहेरी आठ-फेऱ्यांच्या पद्धतीने. दुसरी प्रत ही जवळजवळ नेमकी मानायला हरकत नाही. दोन्हींची सॅम्पल वजा करून उरलेला आवाज वाढवून ऐका. मर्यादेत असाल तर उरलेल्यात अस्पष्ट पुटपुट येते आणि तिचा जोर सगळ्या वाक्यात साधारण सारखा असतो. एखाद्या ब किंवा ढ वर ठळक ठोका ऐकू आला, तर त्या फ्रेमवर मर्यादा ओलांडली गेली आहे. वेळ टिपून पायरी ३ च्या यादीत ती फ्रेम पाहा, तिथे ती सापडतेच.

ऐकणारी माणसे निवडताना शहराचा फायदा घ्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे आणि बाहेर मराठी बोलणारे लोक इथे मुबलक आहेत. तिन्ही भाषांत ळ आणि ण असल्यामुळे ते वर्ण दबले की त्यांच्या लगेच लक्षात येते. दोन प्रती नाव न सांगता, क्रम उलटसुलट करून ऐकवा आणि एवढेच विचारा की कोणती गाडी आणि कुठून जाणार. "चांगला वाटला का" असे विचारले तर लोक भिडेखातर हो म्हणतात. "मोहोळ" च्या जागी "मोहोर" ऐकू आले असेल, तर ते मात्र आपणहून सांगतात. मग त्या ळ च्या फ्रेम काढा, दोन्ही टप्प्यांची मापे पाहा. मर्यादेच्या आत असतील तर दोष पादेचा नाही. अशा वेळी मेल-सेप्स्ट्रमचा क्रम २४ वरून ३० करून बघा, किंवा त्या शब्दाचे रेकॉर्डिंग पुन्हा घ्या.